दोरी कोणाच्या हातात?

कॅलिफोर्नियात फ्रीमाँट नावाच्या गावी जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. १९८२ साली कंपनीने तो बंद केला, तेव्हा अमेरिकेतल्या मोटार उद्योगात त्याचे नाव बदनाम झालेले होते. रोज पाचातला एक कामगार गैरहजर असे. सोमवारी सकाळी लाइन सुरू करण्यापुरती माणसे गोळा करताना सुपरवायझरच्या नाकी नऊ येत. पाळी चालू असताना दारू चाले, युनियनलाही न विचारता अचानक संप होत. कारखान्याला कुलूप लागले त्या वेळी निकालात न निघालेल्या तक्रारींची संख्या पाच हजारांच्या घरात होती. यावर वरिष्ठांचे निदान एकच होते: इथली माणसेच वाईट आहेत.

दोनच वर्षांनी, १९८४ मध्ये, त्याच इमारतीतून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या. या वेळी जनरल मोटर्सने टोयोटाशी भागीदारी केली होती आणि कारखाना चालवण्याची जबाबदारी टोयोटाकडे होती. नव्या कंपनीचे नाव लांबलचक होते, पण सगळे तिला ‘नुमी’ म्हणत. नुमीने कामगार घेतले ते बहुतांशी जुनेच, सुमारे ८५ टक्के. युनियनही जुनीच राहिली. यंत्रसामग्री काही फार आधुनिक नव्हती. तरीही १९८६ पर्यंत या कारखान्याची उत्पादकता टोयोटाच्या जपानमधल्या ताकाओका कारखान्याच्या जवळ पोचली. गाड्यांचा दर्जाही तिथल्यासारखाच होता. गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर आली.

कामाच्या ठिकाणचा विश्वास या विषयावर बोलताना मला नेहमी इथूनच सुरुवात करावीशी वाटते. याचे कारण असे की या उदाहरणात पळवाट नाही. माणसे बदलली म्हणून सुधारणा झाली, असे कुणालाही म्हणता येत नाही. ‘वर्क फ्रॉम होम’चाही इथे संबंध नाही. मोटारीच्या लाइनवर उभा असलेला माणूस ना घरून काम करू शकतो, ना स्वतःच्या सोयीने येऊ शकतो. तिथे बदलले ते एवढेच की कोणता निर्णय कोण घेणार.

जुन्या कारखान्यात एक नियम सर्वांत पवित्र मानला जाई. काहीही झाले तरी लाइन थांबता कामा नये. इंजिन उलटे बसले, दरवाजा चुकीच्या गाडीला लागला, तरी गाडी पुढे सरकायची आणि शेवटी आवारात उभी करून दुरुस्त व्हायची. कामगाराला चूक दिसत असे, पण बोलून काही होणार नाही हेही त्याला ठाऊक असे. नुमीत लाइनच्या वरून एक दोरी नेली होती. अडचण आली की कामगाराने ती ओढायची. ओढताच दिवा लागे, धून वाजे आणि टीम लीडर धावत येई. ठरलेल्या खुणेपर्यंत अडचण सुटली नाही तर अख्खी लाइन थांबे. थांबलेल्या लाइनचे एकेक मिनिट महाग असते. हा अधिकार टोयोटाने तासावर पगार घेणाऱ्या, दोन वर्षांपूर्वी ‘वाईट’ म्हणून घरी पाठवलेल्या माणसाच्या हाती दिला. आणि दोरी ओढल्यावर त्याला कुणी झापत नसे, ‘काय अडले?’ असे विचारत असे.

दुसरा बदल मला याहून मोठा वाटतो. फ्रेडरिक टेलरने १९११ मध्ये आपले शास्त्रीय व्यवस्थापनाचे पुस्तक लिहिले, तेव्हापासून कारखान्यांत एक विभागणी रूढ झाली होती. विचार करायचा इंजिनिअरने आणि हात चालवायचे कामगाराने. स्टॉपवॉच घेऊन कुणीतरी मागे उभा राहणार आणि तुमचे काम किती सेकंदांत व्हायला हवे हे तुम्हाला सांगणार. नुमीने स्टॉपवॉच मोडून टाकले नाही, ते कामगारांच्याच हाती दिले. चार-सहा जणांची टीम एकमेकांचे काम मोजायची, सोपी रीत शोधायची आणि तीच प्रमाण पद्धत म्हणून लिहून काढायची. पॉल अ‍ॅडलर या अभ्यासकाने या कारखान्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्याच्या नोंदीनुसार १९९१ पर्यंत ९२ टक्के कामगार सुधारणेच्या सूचना देऊ लागले होते.

इथे काम हलके झाले, असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. जुन्या कारखान्यात लाइनवरचा कामगार मिनिटातले सुमारे ४५ सेकंद प्रत्यक्ष कामात असे, नुमीत ५७. म्हणजे उसंत कमी झाली. कामाच्या वेगामुळे होणाऱ्या दुखापतींवरून पुढे, १९९३ मध्ये, सरकारी तपासणी खात्याने कंपनीला धारेवरही धरले. तरीसुद्धा समाधानी कामगारांचे प्रमाण वर्षागणिक वाढत गेले. मेहनत वाढली की मन खचते हे गृहीतक इथे टिकत नाही. आपल्या डोळ्यांना दिसते ते कुणाच्या कानावर घालता येत नाही आणि घातले तरी काही हलत नाही, याने माणूस जास्त खचतो.

त्याआधीच, १९८८ मध्ये, या साऱ्याची कसोटी लागली होती. गाड्यांचा खप घसरला आणि कारखाना क्षमतेच्या ६० टक्क्यांपेक्षाही कमी चालू लागला. अमेरिकेतल्या कोणत्याही मोटार कारखान्यात अशा वेळी काय झाले असते हे तिथल्या प्रत्येक कामगाराला माहीत होते. नुमीने मात्र करारात लिहून दिले होते की शक्य ते सर्व उपाय, वरिष्ठांचे पगार कापण्यासकट, करून झाल्याशिवाय कामगार कमी केले जाणार नाहीत. कंपनीने शब्द पाळला. रिकाम्या हातांना प्रशिक्षण दिले, सुधारणांच्या कामाला लावले. काम सोपे करण्याची युक्ती सुचवली तर त्यापायी आपल्याच शेजाऱ्याची नोकरी जाईल ही भीती असेल, तर कोण सूचना देईल? त्या ९२ टक्क्यांच्या आकड्यामागे हा करार उभा आहे.

हे सगळे पाहून जनरल मोटर्सने आपल्या इतर कारखान्यांतही तसेच करायचे ठरवले. लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइस कारखान्यात टीमची पद्धत आणली गेली. तिथे ती रुजली नाही. जुन्या पद्धतीत मिळवलेले हक्क जातील म्हणून कामगारांपैकी बऱ्याच जणांचा विरोध होता, आणि आपला रुबाब जाईल म्हणून सुपरवायझरांचा. वरून येणारे सुटे भाग सदोष असतील तर दोरी ओढून तरी काय होणार, हाही प्रश्न होताच. १९९२ मध्ये तो कारखाना बंद झाला. आपल्याकडे चाकण, भोसरी, वाळूजच्या कारखान्यांत भिंतीवर ‘कायझेन’चे, म्हणजे सततच्या सुधारणेचे, फलक आणि कोपऱ्यात सूचनापेटी दिसते. पेटी लावणे सोपे असते. सहा महिन्यांच्या कंत्राटावर असलेल्या मुलाने त्या पेटीत चिठ्ठी टाकावी अशी अपेक्षा असेल, तर चिठ्ठी टाकल्यावर त्याचे काय होते, हे त्याला आधी दिसायला हवे.

विश्वासाने काम वाढते ते नेमके कसे, याचा एक साधा पुरावा प्रयोगशाळेतला आहे. आर्मिन फॉक आणि मायकेल कोसफेल्ड या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. दोन माणसांचा खेळ असतो, एक मालक आणि एक कामगार. कामगाराकडे १२० गुण असतात. त्यातले त्याने जितके मालकाला द्यावेत, त्याच्या दुप्पट मालकाला मिळतात. कामगाराने काहीच दिले नाही तरी चालते. मालकाकडे एकच निर्णय असतो. ‘किमान इतके तरी दिलेच पाहिजेत’ अशी सक्ती करायची, की ते कामगारावर सोडायचे. हिशेबाने पाहिले तर सक्ती करण्यात मालकाचे नुकसान काहीच नाही. पण झाले उलटेच. छोटीशी सक्ती होताच बहुतेक कामगारांनी हात आखडता घेतला आणि सक्तीच्या किमान आकड्याच्या आसपास थांबले. मोकळीक मिळालेल्यांनी जास्त दिले. नंतर विचारले तेव्हा अनेकांनी सांगितले की ती सक्ती त्यांना अविश्वासासारखी वाटली.

या निष्कर्षाचा सगळ्यांत महत्त्वाचा भाग म्हणजे, जो किमान आकडा मालकाने स्वतःच्या सुरक्षेसाठी ठरवला, तोच कामगाराच्या मनातला कमाल आकडा झाला. नऊ तास बसलेच पाहिजे असे सांगितले की माणसे नऊ तास बसतात. त्या तासांत काय होते हा प्रश्न मग कुणाचाच उरत नाही.

आता घरून काम करण्याच्या प्रश्नाकडे येऊ. याच्यावर मते पुष्कळ आहेत, भक्कम प्रयोग मोजकेच. त्यांतला सर्वांत गाजलेला शांघायमधला. सीट्रिप ही चीनमधली प्रवासाची तिकिटे आणि हॉटेले आरक्षित करून देणारी मोठी कंपनी. तिच्या कॉल सेंटरला दोन दुखणी होती. जागेचे भाडे वाढत होते आणि वर्षाकाठी जवळपास निम्मी माणसे नोकरी सोडून जात होती. कंपनीचे एक संस्थापक जेम्स लियांग आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम यांनी २०१० च्या अखेरीस तिथे प्रयोग केला. घरून काम करायला तयार असलेल्यांपैकी २४९ जण अटींत बसले. अटी तीन होत्या: किमान सहा महिन्यांचा अनुभव, घरी ब्रॉडबँड आणि कामासाठी स्वतंत्र खोली. मग चिठ्ठी टाकल्यासारखे जन्मतारखेवरून ठरले. सम तारखेला जन्मलेल्यांनी आठवड्यातले चार दिवस घरून काम करायचे, विषम तारखेच्यांनी कार्यालयातून.

नऊ महिन्यांनी हिशेब झाला. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले होते. त्यातला मोठा वाटा, सुमारे ९ टक्के, जास्त मिनिटे काम केल्यामुळे आला. उशिरा पोचणे नाही, मधल्या सुट्ट्या कमी, आजारपणाच्या रजा कमी. उरलेली वाढ शांत जागेमुळे दर मिनिटाला जास्त कॉल घेता आल्याने. नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. एवढे आकडे सगळीकडे छापून आले आणि घरून कामाच्या समर्थकांना ते तोंडपाठ झाले.

पण त्या प्रयोगाचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. प्रयोग संपल्यावर ‘आता तुम्हाला हवे ते निवडा’ असे सांगितले, तेव्हा घरी बसलेल्यांपैकी जवळपास निम्मे कार्यालयात परत आले. एकटेपणा हे त्यांचे मोठे कारण होते. शिवाय तेवढेच काम करूनही घरी असलेल्यांना बढती कमी मिळाली होती. साहेबांच्या डोळ्यांसमोर नसलेला माणूस साहेबांच्या मनातूनही उतरतो, हे आपल्याकडच्या नोकरदारांना कुणी समजावून सांगायला नको. आणि मग सर्वांत बोलका आकडा आला. प्रत्येकाला स्वतःची जागा निवडू दिल्यावर घरून काम करण्याचा फायदा १३ वरून २२ टक्क्यांवर गेला. ज्याला जिथे काम जमते तो तिथे गेला, एवढेच झाले होते. ते कंपनीला बाहेरून ओळखता आले नसते.

याच्या अगदी विरुद्ध निकाल आपल्याच देशातून आला. डेव्हिड अ‍ॅटकिन, अँटोनेट शोअर आणि सुमित शिंदे या संशोधकांनी चेन्नईत डेटा एंट्रीच्या कामावर असाच प्रयोग केला. त्यांचा निबंध २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. इथे घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता कार्यालयातल्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी भरली. यातली दोन तृतीयांश तूट पहिल्याच दिवसापासून होती. उरलेली हळूहळू वाढली, कारण कार्यालयात बसणारे जास्त लवकर शिकत गेले. आणखी एक गोष्ट पुढे आली आणि ती वाचून मी बराच वेळ थांबलो. ज्यांना घरून काम हवे होते ते मुळात जास्त वेगवान आणि अचूक होते, पण घरी बसल्यावर सर्वांत मोठी घट त्यांच्यातच झाली, २७ टक्के. कार्यालय पसंत करणाऱ्यांची घट १३ टक्केच होती. घर मागणाऱ्यांत लहान मुले असलेले, घरच्यांची काळजी घेणारे आणि गरीब घरांतले बरेच होते. म्हणजे त्यांनी घर निवडले ते तिथे काम चांगले होते म्हणून नव्हे. त्यांना घर सोडता येत नव्हते.

शांघाय खरे की चेन्नई? दोन्ही खरे आहेत. शांघायमध्ये माणसे अनुभवी होती, खोली स्वतंत्र होती, काम शिकून झालेले होते. चेन्नईत माणसे नवी होती आणि घरात मुले रडत होती, पाहुणे येत होते, स्वयंपाक वाट पाहत होता. दादरच्या दहा बाय बाराच्या खोलीत सासू-सासऱ्यांसह राहणाऱ्या बाईला ‘तू घरूनच कर की काम’ म्हणणे ही सवलत आहे, असे आपण किती सहज म्हणतो. तिच्या दृष्टीने खरी सवलत कार्यालयाजवळचे पाळणाघर असू शकते, किंवा सकाळी दहाऐवजी साडेअकराला येण्याची मुभा.

करोनाकाळात हा सगळा विषय एकदम घराघरात आला. टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केले होते की २०२५ पर्यंत एका वेळी फक्त २५ टक्के कर्मचाऱ्यांनाच कार्यालयात यावे लागेल. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याच कंपनीने आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात यायला सांगितले. दोन्ही निर्णयांमागे आपापली कारणे असतील. हिंजवडीच्या वाहतुकीत रोज दोन-तीन तास घालवणाऱ्या माणसाला मात्र दोन्ही वेळा निर्णय कळला तो ईमेलमधून.

त्या काळात व्यवस्थापकांच्या मनात काय चालले होते, याचा अंदाज मायक्रोसॉफ्टच्या २०२२ च्या एका पाहणीतून येतो. ८७ टक्के कर्मचारी म्हणाले, आम्ही नीट काम करतो आहोत. आपली माणसे नीट काम करत आहेत असा पूर्ण विश्वास असलेले वरिष्ठ होते फक्त १२ टक्के. या दरीतून एक धंदाच उभा राहिला. कळफलक किती वेळा दाबला, माउस किती हलला, दर काही मिनिटांनी पडद्यावर काय होते, हे टिपणारी सॉफ्टवेअरे आली. त्यावर उतारा म्हणून माउस आपोआप हलवणारी उपकरणेही बाजारात आली. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने डझनभराहून अधिक कर्मचाऱ्यांना काढले, कारण ते काम चालू असल्याचा आभास निर्माण करत होते. त्यांचे वागणे मला समर्थनीय वाटत नाही. पण ज्या मोजमापात हललेला माउस म्हणजे काम, त्या मोजमापाला माउस हलवूनच उत्तर मिळणार. विचार करत खिडकीबाहेर बघणारा प्रोग्रॅमर त्या यंत्राच्या लेखी आळशीच ठरतो.

घरून काम ही गोष्ट संगणकाबरोबर आली, असे मानणे आपल्या महाराष्ट्राला तरी शोभत नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड झाली. आज तिच्याशी सुमारे ४५ हजार बायका जोडलेल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींचे काम स्वतःच्या घरी चालते. पीठ मात्र शाखेत एकाच ठिकाणी मळले जाते, कारण चव त्यावर ठरते. सकाळी या सभासद बायका, लिज्जतच्या भाषेत ‘बहिणी’, येतात, आदल्या दिवशी लाटून वाळवलेले पापड तोलून देतात, मजुरी घेतात आणि नवे पीठ तोलून नेतात. घरी कधी लाटायचे, मुले शाळेत गेल्यावर की दुपारी जेवणे उरकल्यावर, हे जिचे तिने ठरवायचे.

ही पद्धत भाबडी नाही. पीठ तोलून दिले जाते, पापड तोलून घेतले जातात, जाडी आणि आकार बघितला जातो, घर स्वच्छ आहे का हे पाहायला न सांगता कुणी येऊ शकते. तरी याला मी विश्वासाची व्यवस्था म्हणतो. एक तर तपासणारी बाईही स्वतः बहीणच असते, तिनेही पापड लाटलेले असतात. दुसरे म्हणजे शाखेचा नफा झाला तर तो बहिणींत वाटला जातो. मोजमाप आहे, पण ज्यांचे मोजायचे त्यांनीच ते स्वीकारलेले आहे आणि त्याचा फायदा त्यांच्याच पदरात पडतो. फ्रीमाँटच्या कामगारांच्या हातातल्या स्टॉपवॉचशी याचे नाते जवळचे आहे.

याच्या शेजारी सोलापूरचे चित्र ठेवून पाहावे. तिथे हजारो बायका घरी बिड्या वळतात. वेळ त्यांची, घर त्यांचे, मुले जवळ. वरवर पाहिले तर लिज्जतसारखेच. पण तेंदूपत्ता मोजून मिळतो आणि त्यात फाटकी, किडकी पाने निघाली तर तूट भरून काढायची जबाबदारी बाईची. हजार बिड्यांमागे मजुरी ठरलेली, पण तपासताना किती बिड्या छाट म्हणून बाजूला काढायच्या हे समोरचा ठरवणार. त्या छाटीची मजुरी नाही. कच्चा माल आणि छाट यांवरून होणारे वाद सोडवण्यासाठी १९६६ च्या बिडी कामगार कायद्यात वेगळी तरतूद करावी लागली, यावरून तो वाद किती जुना आणि किती सार्वत्रिक आहे हे लक्षात येते. मोकळीक इथेही आहे. पण जोखीम सगळी बाईच्या डोक्यावर आहे आणि तिच्या शब्दाला किंमत नाही. अशा मोकळिकीने मनोबल वाढत नाही. घर म्हणजेच कारखाना झाला, आणि त्याचे भाडे, वीज, तंबाखूची धूळ सगळे तिच्याच वाट्याला आले.

म्हणून ‘लवचिक कामाची वेळ’ असे कुठेही वाचले की मी आधी विचारतो, वाकायचे कुणी? मुंबई-पुण्यात डिलिव्हरीचे काम करणाऱ्या मुलांना ‘हवे तेव्हा लॉगइन करा’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात इन्सेंटिव्ह मिळायचा तर गर्दीच्या वेळी, पावसापाण्यात रस्त्यावर असावेच लागते. दुकानांतही हेच होते. अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांत विक्रेत्यांच्या पाळ्या गिऱ्हाइकांच्या अंदाजावरून ऐनवेळी बदलण्याची रीत पडली होती. मालकाच्या दृष्टीने ती लवचिकता. पुढच्या आठवड्यात मुलांना कुणाकडे ठेवायचे हे न कळणाऱ्या आईच्या दृष्टीने तो नुसता घोर.

गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोमधल्या २८ दुकानांत २०१५-१६ मध्ये याच्यावर प्रयोग झाला. काही दुकानांत पाळ्यांच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेळा बऱ्यापैकी ठरावीक केल्या. काही कर्मचाऱ्यांना किमान तासांची खात्री दिली. आणि आपापसांत पाळ्या बदलण्यासाठी मोबाइलवर सोय करून दिली, त्यासाठी मॅनेजरची परवानगी लागत नसे. या दुकानांतली विक्री इतरांपेक्षा ७ टक्क्यांनी जास्त झाली. किरकोळ विक्रीत एवढी वाढ मिळवायला कंपन्या जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओततात. इथे मुख्यतः अनुभवी विक्रेते टिकले आणि गर्दीच्या वेळी हजर राहिले, त्याचा हा परिणाम. म्हणजे इथे कर्मचाऱ्याला अनिश्चिततेपासून सुटका हवी होती. कुणाला वेळ बदलण्याची मोकळीक हवी असते, तर कुणाला वेळ न बदलण्याची हमी. दोन्हींत मागणे एकच असते: माझ्या दिवसाबद्दलचा निर्णय मला विचारून घ्या.

ही मागणी लाड म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. लंडनमधल्या दहा हजारांवर सरकारी नोकरांचा १९८५ पासून अभ्यास चालला, तो ‘व्हाइटहॉल’ नावाने ओळखला जातो. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यात दिसले की कामावर ज्यांचा स्वतःचा ताबा कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त. तो धोका मोठ्या जबाबदारीच्या साहेबांपेक्षा खालच्या पायरीवरच्या कारकुनांना अधिक होता.

आता उरतो तो मधला माणूस. वरून टार्गेट आणि खालून रजेचे अर्ज यांच्यात अडकलेला टीम लीडर, सुपरवायझर, शाखाधिकारी. विश्वास दाखवायचा म्हणजे त्याने दाखवायचा, आणि काही बिघडले तर मान त्याची. त्याची भीती खरी असते, पण ती तपासून पाहता येते. शांघायच्या त्याच सीट्रिप कंपनीने, आता तिचे नाव ट्रिप डॉट कॉम आहे, २०२१-२२ मध्ये दुसरा प्रयोग केला आणि त्याचा निबंध २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. या वेळी १,६१२ पदवीधर कर्मचारी होते: सॉफ्टवेअर, मार्केटिंग, वित्त विभागांतले. निम्म्यांना बुधवारी आणि शुक्रवारी घरून काम करायला दिले, पुन्हा जन्मतारखेच्या सम-विषमावरून. सहा महिन्यांत नोकरी सोडणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. सर्वांत जास्त घटले ते स्त्रियांत, ज्यांच्या हाताखाली कुणी नाही अशांत आणि लांबून येणाऱ्यांत. पुढची दोन वर्षे पाहिले तरी कामाच्या मूल्यमापनात किंवा बढतीत फरक आढळला नाही. पहिल्या प्रयोगातली बढतीची खोट इथे भरून निघाली, बहुधा आठवड्यातले तीन दिवस सगळे एकमेकांसमोर होते म्हणून.

प्रयोग सुरू होण्यापूर्वी तिथल्या ३९५ व्यवस्थापकांना विचारले होते की घरून कामाने उत्पादकतेवर काय परिणाम होईल. त्यांचा सरासरी अंदाज होता २.६ टक्के घट. प्रयोगानंतर हाच प्रश्न विचारला, तेव्हा सरासरी उत्तर आले एक टक्का वाढ. मधल्या काळात त्यांनी आपल्याच माणसांचे काम प्रत्यक्ष पाहिले होते. कंपनीने मग ही पद्धत सगळ्यांना लागू केली.

पुण्या-नाशकातल्या शंभर-दोनशे माणसांच्या कंपनीलाही हे करून पाहता येईल. त्याला सल्लागार लागत नाही. सम तारखेला जन्मलेल्यांना सहा महिने आठवड्यातून दोन दिवस घर, किंवा कारखाना असेल तर आपापसांत पाळी बदलण्याची मुभा. विषम तारखेच्यांचे जुनेच चालू ठेवावे. त्याआधी प्रत्येक सुपरवायझरकडून एका कागदावर लिहून घ्यावे की त्याला काय होईल असे वाटते. शेवटी मोजायच्या गोष्टी चारच: काम किती झाले, चुका किती, किती जणांनी राजीनामा दिला, नव्या मुलांना काम शिकायला किती वेळ लागला. आकडे सगळ्यांना दिसतील अशा जागी लावावेत, आणि सम तारखेच्यांचे काम कमी भरले तर तेही तसेच लावावे.